गाडीला बांधलेली लाल पट्टी

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं एक जागा अशी येती की तिथं मला स्वतःला हसू येत नाय. पण सुरुवात माझ्या मूर्खपणापासनं, आणि तो लई मोठा हाय. एवढा मोठा, की आमच्या अख्ख्या गल्लीनं तो उभं राहून बघितला.

मी पुंडलिकनगरात राहतो. एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंगला असतो. गल्लीत मला सगळे अध्यक्ष म्हणतात. निवडून कुणी दिलं नाय, पण नळाला पाणी आलं नाय की पहिला आवाज माझा, कुणाची गाडी आडवी लागली की पहिला आवाज माझा. आवाजावर मिळालेलं पद हाय ते.

तर माझी लेक पल्लवी. तिला पडेगावला एका शाळेत नोकरी लागली, तव्हा मी माझी जुनी स्कूटर तिला दिली. मोठ्या प्रेमानं दिली असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे नवी घ्यायची नव्हती. आता पुंडलिकनगर कुठं आणि पडेगाव कुठं! क्रांती चौक, नगर नाका, छावणी, सगळं ओलांडून पार दौलताबादच्या रस्त्याला जायचं, आणि त्या रस्त्यावर ट्रक कसे पळतात ते मला विचारा, आमचेच असतात. पोरगी घरी येईस्तोवर तिच्या आईचा जीव खालीवर. माझा बी होतो, पण अध्यक्षांनी दाखवायचं नसतं.

आणि गाडीच्या देखभालीबद्दल माझं एकच तत्त्व होतं. चालतीय ना? मग हात लावायचा नाय.

एक दिवस सकाळी उठून बघतो, तर स्कूटरच्या मागच्या चाकाला लाल कापडाची पट्टी बांधलेली. बोटभर रुंद, कडा शिवलेल्या, नीट गाठ मारलेली. म्हणलं असंल कुणाचा चावटपणा. काढली, गटारात टाकली. पल्लवी उठायच्या आतच. संध्याकाळी तिचा फोन, पप्पा, नगर नाक्यावर मागचं चाक बसलं.

बरं, चाक हाय, बसणारच. पण थोड्या दिवसांनी तशीच पट्टी हेडलाईटला. ती बी मी काढून टाकली, आणि त्याच आठवड्यात दिवा गेला. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं, की मला समजलं ही आता काय बोलणार.

"अहो, हे साधं नाय. कुणीतरी भानामती करतंय."

मी तिला हसलो. म्हणलं मी शिकलेला माणूस हाय, असलं काही मानत नाय. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातनं लवकर निघून एका बाबाकडं गेलो. काय हसता? तुम्ही असता तर तुम्ही बी गेला असता. जिथं पट्टी बांधली तोच भाग निकामी होतोय, हा काय योगायोग हाय का? बाबानं डोळे मिटले आणि सांगितलं, करणारा जवळचाच हाय, आणि वयानं मोठा हाय. आता वयानं मोठा म्हणल्यावर माझी नजर गेली थेट समोरच्या घराकडं.

समोर साळवे राहतात. त्यांचे वडील नुकतेच सोयगावहून राहायला आले होते. पंच्याहत्तरीचे, पण ताठ. कुणाशी बोलत नसत. नमस्कार केला तर नुसता हात वर करायचे. पहाटे गल्लीतनं फेरी मारायचे, लोकांच्या गाड्यांपाशी थांबायचे, वाकून बघायचे. आणि संध्याकाळी फाटकात उभे राहून रस्त्याकडं नजर लावायचे. पल्लवी आली की आत जायचे. सांगा, अजून काय पुरावा पाहिजे?

तिसरी पट्टी आली ती ब्रेकच्या दांडीला. मी तिला बोटानं शिवलोच नाय. स्वयंपाकघरातली सांडशी आणली, पट्टी ओढून काढली, जाळली, गाडीवर गोमूत्र शिंपडलं आणि पोरीला म्हणलं, जा बिनधास्त.

त्या दिवशी छावणीच्या उतारावर तिचा ब्रेक लागला नाय.

समोर ट्रक होता. पोरीनं डोकं चालवलं आणि गाडी बाजूच्या वाळूच्या ढिगात घातली. कोपर सोलपटलं, बाकी काही नाय. पण ती घरी आली तव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा गल्लीत आवाज न करता घरात जाऊन बसलो.

गाडी नाक्यावरच्या सलीमभाईकडं नेली. त्यांनी ब्रेकची वायर बदलली आणि जुनी काढून दाखवली, पार कुजलेली. मी म्हणलं, भाई, कोणीतरी काहीतरी केलंय ह्या गाडीला. त्यांनी वायर माझ्या हातात ठेवली.

"भाईसाब, किसीने कुछ नै करे. आपनेच कुछ नै करे."

एवढं स्वच्छ सांगितलं माणसानं. पण ऐकायला कान जाग्यावर लागतात. मी तिथनं पुन्हा बाबाकडं गेलो. त्यानं दिली काळी बाहुली, बिब्बा, लिंबू, मिरच्या, आणि म्हणला गाडीला पुढून घट्ट बांध. मी इतकं घट्ट बांधलं, सेंट्रिंगची तार घेऊन, पक्कडीनं पिळून, की वादळात गाडी उडंल पण बाहुली उडायची नाय. पल्लवीनं कपाळाला हात लावला. तिच्या आईनं बाहुलीला हात जोडले.

आणि उजाडायच्या टायमाला मी दबा धरून बसलो. शेजाऱ्याच्या गाडीमागं, डोक्यावर मफलर, हातात तीच सांडशी. म्हणलं आज सोडत नाय.

साळव्यांचं फाटक वाजलं. म्हातारा आला. माझ्या स्कूटरला एक चक्कर मारली, चाक दाबून बघितलं, ब्रेक दाबून बघितला, मान हलवली. मग बाहुलीपाशी थांबला. लई वेळ बघितलं तिच्याकडं. खिशातनं लाल पट्टी काढली आणि बाहुलीच्या गळ्यात बांधायला लागला.

मी झेप घेतली आणि त्यांचा हात धरला. काय ओरडलो ते सगळं सांगत नाय, पण भानामती, पोरीचा जीव, पोलीस, हे शब्द त्यात होते. म्हाताऱ्यांनी कानामागं हात लावला. त्यांना ऐकूच आलं नव्हतं. म्हणून मी अजून मोठ्यानं ओरडलो. गल्लीतली दारं उघडली, लोक दात घासत बाहेर आले. बायको आली, कोपराला पट्टी बांधलेली पल्लवी आली. साळवे बी पळत आले आणि वडिलांच्या कानापाशी जाऊन माझा आरोप जशास तसा सांगितला. मग मला म्हणले, आमचे बाबा एअर फोर्समधी होते, विमानाचे मेकॅनिक. इंजिनाच्या आवाजानं कान गेलेत.

म्हातारे रागावले नाय. ते पल्लवीच्या कोपराकडं बघत होते.

"ह्याच्या आधीच्या पट्ट्या कुणी काढल्या?"

"मी," मी छाती काढून मोठ्यानं म्हणलं.

"मग काम कुणी केलं?"

मला प्रश्नच कळला नाय. कसलं काम? पट्टी काढणं हेच काम. ते आमच्याच पायरीवर खाली बसले. म्हातारा एकदम म्हातारा दिसायला लागला.

तिथं बसून त्यांनी जे सांगितलं, ते आमच्या गल्लीनं तोंडातले ब्रश तसेच धरून ऐकलं.

एकाहत्तरच्या लढाईत ते विशीतले होते. विमान जमिनीवर उभं असतं तव्हा त्याच्या चाकांत, बॉम्बच्या कड्यांत पिना खोसलेल्या असतात, चुकून काही सुटू नये म्हणून. प्रत्येक पिनीला लाल पट्टी. उडायच्या आधी मेकॅनिकनं सगळ्या पिना काढायच्या, विमानासमोर उभं राहायचं आणि हात वर करून पायलटला दाखवायच्या. तो बघणार, मान हलवणार, मगच जाणार. आणि कुठं बिघाड सापडला तर तिथं बी लाल पट्टी. ती काढायची ज्यानं बिघाड दुरुस्त केला त्यानंच. दुसऱ्यानं हात लावायचा नाय, मग तो कितीबी मोठा साहेब असो. तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. पट्टी दिसली की माणूस तिथं वाकून बघणार, आणि पट्टी गेली म्हणजे काम झालं.

आता आलं ध्यानात? पट्टी निघालेली दिसली की म्हातारे खूश व्हायचे. अध्यक्षांनी काम करून घेतलं. आणि अध्यक्ष सांडशीनं पट्टी जाळत होते.

लढाईत विमानं यायची, तेल भरायचं, बॉम्ब लावायचे, परत पाठवायची. अंधारात, दिवा न लावता, बोटांनी चाचपत. हल्ल्याचा भोंगा झाला की खंदकात जायचं असा हुकूम होता. पल्लवीनं त्यांच्या कानापाशी जाऊन विचारलं, मग तुम्ही जायचे का?

"विमानाचं पोट उघडं टाकून कसं जायचं, बाळ?" ते म्हणले.

आणि मग एक दुपार. त्यांनी पिना काढल्या, दाखवल्या, पायलटनं हसून मान हलवली आणि विमान गेलं. बरोबरची आली. त्यांचं आलं नाय. अंधार पडेस्तोवर ते तिथंच उभे होते, पिना हातात धरून.

"माझ्या कामात कसूर नव्हती. साहेबांनी बी तसंच सांगितलं," ते म्हणले. "पण पिना हातात राहिल्या ना. तव्हापास्नं कुणी गाडीवर बसून निघालं की डोळे आधी चाकाकडं जातात, आणि ते माणूस परत येईस्तोवर घरात बसवत नाय."

माझ्या लेकीसाठी हा माणूस रोज संध्याकाळी फाटकात उभा राहत होता, आणि मी त्याला पुरावा समजत होतो. मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी वाटलं. आपण दहा वर्षं एक स्कूटर धड ठेवली नाय आणि हा माणूस डोक्यावर हल्ला असताना दुसऱ्याच्या लेकराचं विमान सोडून हलला नाय. मी त्यांच्या पायाला हात लावला.

त्यांनी मला उठवलं आणि स्कूटरपाशी नेलं. म्हणले, सगळी गाडी आज चांगली हाय, एकच जागा सोडून. हँडल वळवून बघा. मी डावीकडं वळवलं, वळलं. उजवीकडं वळवलं, तर अर्ध्यात अडकलं. माझी सेंट्रिंगची तार केबलमध्ये गुंतली होती. अख्ख्या गाडीत जीव घेईल अशी एकच वस्तू होती, आणि ती मी पोरीच्या रक्षणासाठी बांधली होती.

लोक हसले. आधी पल्लवी हसली, तिनं सुरुवात केली म्हणून बाकीच्यांना धीर आला.

दुसऱ्या दिवशी तार काढून, सलीमभाईकडनं सगळी गाडी तपासून आणली. म्हाताऱ्यांनी, आता मी त्यांना काका म्हणतो, पुन्हा बघितली. हातात पट्ट्या घेऊन स्कूटरसमोर ताठ उभे राहिले, हात वर केला. पल्लवीनं बघितलं, मान हलवली. काकांनी सॅल्यूट ठोकला आणि माझी पोरगी पडेगावला गेली. आता संध्याकाळी फाटकात आम्ही दोघं उभे असतो. मी आवाज करत नाय.

पण काकांना पकडलं त्या सकाळचं एक राहिलंच. मी ऑफिसात गेलो, तर जो तो माझ्याकडं बघून हसतोय. शेवटी शिपाई जवळ आला आणि म्हणला, साहेब, तुमच्या कॉलरला मागून लाल पट्टी बांधलीय, काढू का?

पल्लवीनं बांधली का काकांनी, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाय.

म्हणलं, "हात लावू नको. ज्यानं दुरुस्त केलं, त्यानंच काढायची असती."

माझी अजून कुणी काढलेली नाय.