वायर माझी, कान पास्कूचे

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, देवासमोर उभा राहतो तेव्हा देवालासुद्धा नाही. त्याला माहीत असेल तर असेल, मी होऊन बोललो नाही. आज तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलतच नाही — आणि ती का उचलत नाही, याचाच मला आता संताप येतो.

माझं शिक्षण चौथी. पुढे वायरमनचं काम शिकलो, हाताने शिकलो, मार खाऊन शिकलो. मरोळच्या कारखान्यात रिटायर होईपर्यंत केलं. माझ्या कामात चूक काढलेली मला चालत नाही. साहेबाने काढली तरी चालायची नाही. हा स्वभाव चांगला की वाईट ते तुम्ही ठरवा, मी या वयात बदलणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर तुमचा घोटाळा होईल. स्पीकरची वायर बदलली म्हणून आवाज बदलत नाही. जाडी बरोबर पाहिजे, जोड घट्ट पाहिजे, बस. तांबं ते तांबं. त्यावर सोनेरी जाळी चढवा, डब्यात घालून विका, तांब्याला काय कळतं? हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. मी बरोबर होतो.

बरोबर होतो, हीच तर भानगड आहे.

पास्कू माझा दोस्त. मरोळ गावठाणातला, तिथलाच, बापजाद्यांपासूनचा ख्रिस्ती. मी कोकणातून आलेला. कारखान्यात एकाच पाळीला होतो, रिटायर झाल्यावर संध्याकाळी क्रुसाजवळच्या कट्ट्यावर एकत्र बसायला लागलो. तो व्हायोलिन वाजवायचा. चर्चच्या कॉयरमध्ये, कोणाच्या लग्नात, कोणाच्या मयतीलाही. पण वाजवण्यापेक्षा त्याचा कान! मशीनवर हात न ठेवता सांगायचा, याचं बेअरिंग जाणार. कॉयरमध्ये एवढी माणसं गातात, त्यात कोण सुरापासून अर्धा केस खाली गेला ते हा मागे न बघता सांगायचा. कॉयरची मास्तरीण शिकलेली बाई, तीसुद्धा सुरुवात करायच्या आधी पास्कूकडे बघायची. त्याने मान हलवली की मगच हात वर. त्या माणसाकडे दुसरं काय होतं? घर वाटण्यांमध्ये तुकडे होऊन एका खोलीचं उरलं, पोरगी दुबईला. कान होता. गावठाणात त्याला मान होता तो त्या कानाचा.

पोरीने त्याला अँप्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर घेऊन दिले. बापाने आरामात गाणी ऐकावीत म्हणून. जोडणी अर्थात मी केली. माझ्याकडची पांढरी दोन पदरी वायर, भिंतीच्या कडेने अशी नेली की शोधून दिसणार नाही. क्लिपा एका रेषेत. वहिनी — म्हणजे त्याची बायको फिलोमिना — म्हणाली, भावजी, भिंत पण खराब नाही केलीत. मी फुगलो. का फुगू नये?

पास्कू मात्र ऐकताना मान वाकडी करायचा. म्हणायचा, आवाज पोकळ वाटतो रे. मी म्हटलं, तुझी खोली पोकळ आहे. विषय संपवला.

मग जावई आला सुट्टीवर. येताना करंगळीएवढी जाड केबल घेऊन आला, भारीतली. सासऱ्याच्या स्पीकरला लावली, माझी वायर भिंतीवर तशीच लोंबत ठेवली. आणि त्या संध्याकाळी पास्कू कट्ट्यावर आला तो उड्या मारतच. सगळ्यांसमोर म्हणाला,

"दत्त्या, तुझ्या वायरीत गाण्यातली बाई भिंतीला चिकटून गात होती. आता मधे येऊन उभी राहिली बघ."

सगळे हसले. त्यात वाईट हेतू नव्हता, मला ठाऊक आहे. पण माझं डोकं फिरलं. माझी वायर? मी टाकलेली? आणि दुबईचा पोरगा, ज्याने आयुष्यात हातात पक्कड धरली नसेल, त्याच्या केबलने बाई मधे आली? मी म्हटलं भंकस आहे, मनाचे खेळ आहेत, पैसे गेले की कान आपोआप चांगला ऐकतो. तो म्हणाला, मला ऐकू येतं. मी म्हटलं, नाही येत. तो म्हणाला, अरे माझे कान आहेत ते, तू कोण नाही म्हणणारा? असं किती दिवस चाललं विचारू नका. चहा थंड व्हायचा. बाकीचे कंटाळून उठून जायचे. दोघंही हट्टी — पण तो हसत हट्ट करायचा, मी रागाने.

शेवटी मीच म्हटलं, परीक्षा घेऊ. तू पाठ करून बस. मधे चादर धरतो. मी कधी माझी वायर लावीन, कधी जावयाची. तू फक्त सांग कुठली.

तो लगेच तयार झाला. लगेच! त्याला भीतीच नव्हती.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बसलो. कट्ट्यावरचे दोघं साक्षीला, वहिनी दारात. मी चादरीमागे गेलो, स्पीकरच्या पाठी गुडघ्यावर बसलो, माझ्या वायरची टोकं हातात घेतली — आणि नखाला लागलं.

ते तुम्हाला समजावून सांगायला हवं. त्या वायरचे दोन्ही पदर पांढरे असतात, पण एका पदरावर बारीक रेघ उठलेली असते. डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागते. जोडायला एक लाल खुंटी असते, एक काळी. अँप्लिफायरकडे ती रेघ मी लालला दिली होती. डाव्या स्पीकरला लालला. उजव्या स्पीकरला — काळ्याला. टोक अजून काळ्याच्या बाजूलाच वळलेलं होतं, माझ्याच हातचा पीळ होता. उलटं जोडलं होतं मी.

उलटं जोडलं की काय होतं? एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. दोघांचं भांडण. मधला आवाज विरून जातो, खालचा ढोल पातळ होतो, सगळं पोकळ. गणपती मंडळाच्या भोंग्यांच्या वेळी दुसऱ्यांची हीच चूक काढून मी त्यांना चारचौघांत शिव्या घातल्यात. पोरगेल्या शिकाऊची चूक ती.

म्हणजे पास्कूला जे ऐकू येत होतं ते होतंच. पोकळ होतं. बाई भिंतीला चिकटलेलीच होती. केबलमुळे नव्हे, पण होती. जावयाने लाल-काळं बघून नीट लावलं, म्हणून ती मधे आली. एवढंच.

चादरीच्या पलीकडून साक्षीदार ओरडले, झोपलास का रे? तेवढा वेळ होता माझ्याकडे. पास्कू, माझी चूक झाली रे, उजवा स्पीकर उलटा जोडला होता — असं म्हणायला किती वेळ लागतो? सगळे हसले असते. तो तर सर्वात मोठ्याने. मग मला एक चहा पाजला असता आणि गोष्ट संपली असती.

मी पदर फिरवले. नीट जोडले. आणि म्हटलं, चला, सुरू.

मग काय, फरक कुठला राहिला? कधी माझी लावली, कधी जावयाची. तो डोळे मिटून ऐकत होता. पहिल्यांदा पटकन बोलला, चुकला. पुढे वेळ घ्यायला लागला. एक बरोबर, दोन चूक, एक बरोबर. साक्षीदारांची मस्करी चालली होती. पास्कू मात्र हसत नव्हता. शेवटी चादर काढली तर त्याचा चेहरा — मी सांगत नाही. मला येत नाही सांगायला.

तो म्हणाला, "मग इतके दिवस मला काय ऐकू येत होतं?"

आता बघा. इथेही वाट होती. अजून होती. मी जिंकलो होतो, माझं तांबं खरं ठरलं होतं, आता तरी सांगायचं. पण मी काय म्हणालो?

"वय झालं रे. कान गेले तुझे."

हसत म्हणालो. त्याच्या खांद्यावर हात ठेवून.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मिस्सेला तो कॉयर सोडून मागच्या बाकावर बसला. मास्तरीण बघत राहिली, याने मान खाली घातली. व्हायोलिन कपाटावर गेलं. वहिनी म्हणाली, भावजी, तुम्ही तरी समजवा, तुमचं ऐकतात. डॉक्टरकडे नेलं, त्याने मशीन लावून कान तपासले, म्हणाला वयाच्या मानाने चांगलं आहे. पास्कू मला म्हणाला, ते मशीन मला ऐकू येतं की नाही ते बघतं, जे ऐकू येतं ते खरं की नाही ते कुठे बघतं? जावयाची केबल त्याने स्वतः उपटून काढली आणि परत माझी लावली. तुझीच चांगली, म्हणाला. आता त्या स्पीकरवर बाई मधोमध उभी राहून गाते आणि हा समोर बसून म्हणतो, मला काही कळत नाही.

माझी चिडचिड कोणावर होते सांगू? त्याच्यावर. एवढा जन्मभराचा कान, आणि एका दुपारी माझ्यासारख्याच्या शब्दावर टाकून दिलास? भांडायचं होतंस. माझ्या हातातून वायर हिसकावून घ्यायची होतीस. केबलवरून महिनाभर भांडलास आणि कानावरून एक शब्द नाही? पण मग आठवतं — भांडला कसा असता? परीक्षा खरी होती. वायर खऱ्या होत्या. खोटा फक्त मी होतो, चादरीमागे.

सांगायला किती वेळा निघालो. गल्लीच्या तोंडापर्यंत जातो, तो दिसतो, मी हवापाण्याचं बोलतो. दर वेळी वाटतं, आता सांगितलं तर तो विचारील, मग त्याच दुपारी का नाही सांगितलंस? याला माझ्याकडे उत्तर नाही. चुकीला उत्तर आहे. गप्प बसण्याला नाही.

यंदा नाताळच्या आधी तो मला कॉयरच्या तालमीला घेऊन गेला. मी कशाला, मी हिंदू माणूस, मला त्यातलं काय कळतं, असं म्हटलं. तो म्हणाला, चल रे, बस नुसता. मागच्या बाकावर बसलो. गाणं सुरू झालं. थोड्या वेळाने त्याची मान वाकडी झाली, ती जुनी सवय. मग माझ्याकडे झुकला आणि हळूच विचारलं,

"ती कडेची बाई खाली जातेय का रे? की मलाच तसं वाटतंय?"

मला सुरातलं काहीही कळत नाही. कधीच कळलं नाही. सगळ्या बायका मला सारख्याच गाताना ऐकू येत होत्या.

मी म्हटलं, "तुलाच वाटतंय."

त्याने मान हलवली. बरं झालं तुला विचारलं, म्हणाला, आणि परत समोर बघायला लागला. मीपण समोर बघत बसलो.