गुडघा वगळून

विजेवर चालणाऱ्या स्कूटरचा एक मोठा दोष आहे. ती चालू आहे की बंद, हे बघून कळत नाही. माझ्या जुन्या स्कूटरचं तसं नव्हतं. ती चालू झाली की अख्ख्या केडगावला कळायचं. ही नवी मुलानं हौसेनं घेऊन दिलेली. त्या सकाळी मी आमच्या फाटकाशी तिच्यावर बसून पुढच्या आकड्याला भाजीची पिशवी अडकवत होतो. पिशवी घसरली म्हणून सावरायला उजवी मूठ धरली, धरताना ती जराशी पिळली गेली, आणि माझ्या समजुतीनं बंद असलेली स्कूटर मला घेऊन रस्त्यापलीकडं गेली. समोरच्या घराच्या ओट्याला हात टेकून स्नेहल पाय ताणत उभी होती. स्कूटर थांबली ती तिच्या उजव्या गुडघ्यावर.

गल्लीत गुडघ्यांना तोटा नव्हता. माझेच दोन होते, ज्यांचा तसाही आता फारसा उपयोग उरलेला नाही. पण मी नेमका तो एकच गाठला, ज्याच्यावर त्या दुपारी करार व्हायचा होता.

"लागलं का गं?" मी ओरडलो.

"काका, आधी मूठ सोडा," स्नेहल दात आवळून म्हणाली. मी मूठ तशीच पिळून बसलो होतो आणि चाक अजून तिला ओट्याकडं रेटत होतं.

स्नेहल फुटबॉल खेळते. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. तिची जागा मागची, म्हणजे गोल करणाऱ्यांना अडवायची. गोल करणाऱ्यांचे फोटो पेपरात येतात. अडवणारीचा फोटो यायचा तर तिच्या हातून एखादा सुटावा लागतो.

हे कुटुंब मूळचं सोनईचं. वडील आप्पासाहेब घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात बैलांचे दलाल. त्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांनी रुमालाखाली हात घालायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा, आणि समोरच्यानं पूर्ण पंजा घट्ट धरून हलवला की सौदा पक्का. बाजूला उभ्या असलेल्यांना फक्त रुमाल हललेला दिसतो. पोरांच्या शिक्षणासाठी आप्पा नगरजवळ राहायला आले, आमच्या समोर. बाजार मात्र सुटला नाही, आणि सुट्टीत लहानगी स्नेहल त्यांच्याबरोबर जायची. तिथं दावं तुटून उधळलेल्या गोऱ्ह्यापुढं मोठी माणसं बाजूला व्हायची आणि ही समोर जाऊन उभी राहायची.

"भीती नाही वाटत?" मी एकदा विचारलं होतं.

"वाटती ना. पर त्याच्या डोळ्याकडं बघायचंच न्हाई, काका. खांद्याकडं बघायचं. कुठं वळणार ते खांदा आधी सांगतो."

पुढं हेच ती मैदानावर करू लागली. मी शाळेत तिला गणित शिकवलं. ते तिनं कधी मनावर घेतलं नाही, आणि पुढं दक्षिणेतल्या एका क्लबानं तिला करारावर नेलं, तेव्हा तिनं योग्यच केलं असं मला कबूल करावं लागलं. करार एका हंगामाचा होता. सरावाच्या एका सामन्यात कुणीतरी आडवं आलं, पाय जमिनीत रुतला आणि वरचं शरीर वळलं. गुडघ्यातला स्नायुबंध तुटला. ऑपरेशन क्लबानंच करवून दिलं, त्यात खोट नाही. पण ती कुबड्यांवर असतानाच हंगाम संपला आणि त्याच्याबरोबर करारही. गुडघा बरा व्हायचा होता, पण तो आता त्यांचा राहिला नव्हता.

एसटीतून उतरलेली ती मला आठवते. आप्पांनी तिचं सामान घेतलं आणि एवढंच म्हणाले, "चल. गोठ्यात जागा हाय."

त्यानंतर तिनं तो गुडघा पुन्हा उभा केला. ओट्याच्या पायऱ्या चढायची, उतरायची. ट्रॅक्टरचं जुनं टायर कमरेला बांधून गल्लीत ओढायची. माझ्या बायकोनं, अंबिकानं, त्या आवाजाला कंटाळून एकदा खिडकी लावून घेतली आणि आवाज थांबला तेव्हा घाबरून उघडली. मग पुण्यातल्या छोट्या स्पर्धा, आणि आता एका नव्या क्लबाचं बोलावणं. त्यांनी दोन करार पुढं ठेवले होते. पहिला एका वर्षाचा: पैसे चांगले, पण दुखापत झाली तर पगार बंद. दुसरा दोन वर्षांचा: पैसे बरेच कमी, पण दुखापत होऊन घरी बसावं लागलं तरी पगार चालू. आप्पांना दुसरा हवा होता, स्नेहलला पहिला. गेला आठवडाभर त्या घरात चहासुद्धा वादाशिवाय उकळला नव्हता.

आणि आता त्या गुडघ्यावर लिंबाएवढी सूज होती.

बनुबाईंनी, म्हणजे स्नेहलच्या आईनं, फ्रीजमधली गोठलेल्या वाटाण्याची पिशवी आणून गुडघ्यावर ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता दोन वर्षाचाच घ्यायचा," आप्पा म्हणाले. "पाव्हना यील, सही व्हईल, जाईल. तू खुर्चीवरनं उठू नको."

"आणि त्यानं पाय बघतो म्हटलं तर?" स्नेहलनं विचारलं.

"बाजारात लंगडा बैल कसा दाखवत्यात? चिखलात उभा करत्यात. चिखलात समदेच बैल लंगडे दिसत्यात."

"मी बैल हाय का, आप्पा?"

"बैल असतीस तर एवढी बोलली नसतीस."

करारातलं एक कलम मीच तिला मराठीत समजावून सांगितलं होतं: सहीच्या वेळी असलेली दुखापत लपवली, तर करार रद्द. ते मी आता पुन्हा सांगितलं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं, कारण आप्पा म्हणाले, "सर, तुमी आज लई केलंय. आता बसा."

मी बसलो.

दुपारी क्लबाचा माणूस आला. केदार त्याचं नाव. तरुण, हसरा, दाढी आखीव. बोलायला लागला की दर वाक्यात एकदा 'पॉझिटिव्ह' म्हणायचा. स्नेहल टेबलामागं खुर्चीत, टेबलावर लांब चादर, चादरीखाली वाटाणे. मी तिच्या शेजारी, कारण वाटाण्याची पिशवी घसरली तर पायानं सरकवायची कामगिरी माझ्याकडं होती.

चहा झाला. केदारनं दोन्ही करार टेबलावर मांडले. "अंकल, तुमचं काय म्हणणं?"

आप्पा उठले, त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि खांद्यावरचा रुमाल काढून सहज त्याच्या हातावर टाकला. रुमालाखाली आपला हात घातला. केदारच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, डोळे मात्र माझ्याकडं वळले. आप्पांनी दोन बोटं दाबली असणार. त्या बिचाऱ्याला वाटलं, म्हातारा प्रेमानं हात धरतोय. त्यानंही प्रेमानं पूर्ण पंजा धरला आणि जोरात हलवला.

"झाला सौदा!" आप्पा म्हणाले. "दोन वर्षं. बने, साखर आन!"

"कसला सौदा?" केदारनं विचारलं.

"आता म्हनू नका. पंजा दिलाय तुमी."

बनुबाई खरंच साखर घेऊन आल्या. केदारनं ती तोंडात टाकली, कारण पुण्याचा असला तरी आईनं चांगलं वळण लावलेलं असावं. मग हात झटकून म्हणाला, "उत्तम. सही करूच. त्याआधी एक छोटा व्हिडिओ घेऊ. स्नेहल, अंगणात चल, बॉलबरोबर दोन मिनिटं. क्लबला पाठवायचाय."

बाहेर भंगारवाल्याचा टेम्पो ओरडत गेला. आप्पांनी स्नेहलकडं बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली: उठू नको. चादरीखाली वाटाण्याची पिशवी घसरली, आणि मी पाय पुढं करायचा विसरलो. ती फरशीवर पडून फुटली. एक वाटाणा घरंगळत केदारच्या बुटापाशी जाऊन थांबला.

केदारनं वाटाण्याकडं बघितलं, मग चादरीकडं. त्याचं हसू हळूहळू मावळलं.

अजूनही सांगता आलं असतं काहीतरी. मी मनात तीन थापा तयार केल्या, तिन्ही वाटाण्याबद्दलच्या. स्नेहलनं माझ्याकडं बघितलं नाही, आप्पांकडं नाही. ती केदारच्या खांद्याकडं बघत होती. मग टेबलाला धरून उठली आणि चादर बाजूला केली.

"गुडघा सुजलाय. सकाळी स्कूटर लागली."

"कुणाची?"

"ह्यांची."

मी हात वर केला. चाळीस वर्षं वर्गात मुलांना हात वर करायला लावल्याचा तो परिणाम असावा.

"तोच गुडघा?" केदारनं विचारलं. "ऑपरेशनचा?"

"तोच."

केदारनं दोन्ही करार उचलले, बॅगेत घातले आणि फोन घेऊन बाहेर गेला. आप्पा भिंतीकडं तोंड करून बसले. बनुबाई खाली वाकून वाटाणे गोळा करू लागल्या; एकेक वेचून, जणू मोजून परत द्यायचे होते. खिडकीतून केदार दिसत होता. तो बोलत होता कमी, ऐकत होता जास्त. त्याच्या तोंडून एकदाही 'पॉझिटिव्ह' आलं नाही.

आत येऊन म्हणाला, "आत्ताच्या आत्ता स्कॅन करायचा. जुना टाका तुटला असेल तर विषय संपला."

नगरला त्याच्याच गाडीतून गेलो. स्नेहलला आत नेलं आणि दार लागलं. आतून कुणीतरी पत्र्याचा डबा बडवावा तसा आवाज येऊ लागला. बाकावर मी आणि आप्पा. आप्पांनी रुमाल पिळून पिळून दोरी केली होती.

"आप्पा, चुकलं माझं," मी म्हणालो.

"ते सकाळी झालं, सर." रुमालाला आणखी एक पीळ देऊन म्हणाले, "मी तिला चिखलात उभी करत हुतो. बाजारात खोड लपवून जनावर इकलं, तर लोक दावणीला परत आनून बांधत्यात. मागच्या डावाला ही परत आली तवा हिनं कायबी लपवलं नव्हतं. तरी आलीच."

आतला आवाज थांबला. थांबलेला आवाज जास्त मोठा वाटला, आणि मला अंबिकाची खिडकी आठवली. दार उघडायला फार वेळ लागत होता. केदार मोबाईल हातात घेऊन येरझाऱ्या घालत होता. वळताना प्रत्येक वेळी त्या दाराकडं बघत होता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हा पोरगाही कुणाच्यातरी करारावर असणार.

दार उघडलं. डॉक्टर बाई फार बोलल्या नाहीत. जुना स्नायुबंध घट्ट आहे. मुका मार आहे. थोडे दिवस विश्रांती.

आप्पांनी रुमालाची दोरी सोडवून तोंड पुसलं. मी कुणाला मिठी मारू हे न कळून केदारला मारली.

पण गोष्ट तिथं संपली नाही. घरी परतेपर्यंत क्लबाचा निरोप आला होता. केदारनं आमच्या फाटकापाशीच गाडी थांबवली आणि वाचून दाखवला. दोन्ही करार अजून खुले. फक्त दोन वर्षांच्या करारात एक ओळ नवी: दुखापतीत पगार चालू राहील, उजवा गुडघा वगळून.

"म्हंजी?" आप्पांनी विचारलं.

"म्हणजे बाकी कुठंही लागलं तर पगार मिळेल. त्या गुडघ्याला काही झालं तर नाही. मी भांडलो, अंकल. विमेवाले ऐकत नाहीत."

"गुडघा वगळून?" आप्पांचा आवाज चढला. "बैल घ्येतला, पाय वगळून! मंग नांगराला काय शिंगं जुपनार व्हय?"

स्नेहल हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच. मग हसू थांबवून म्हणाली, "कमी पैशात जायचं ते त्या गुडघ्याच्या भीतीनं. तोच सोडला, तर मी कमी कशापायी घिऊ?"

"स्नेहे, एक वर्षाच्यात तर कायच न्हाई. पडलीस तर..."

तिनं त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, त्यांच्या हातावर टाकला आणि खाली आपला हात घातला. रुमाल एकदाच हलला. आम्हाला बाकीच्यांना काही दिसलं नाही, पण एका बोटाला लागतो तेवढाच तो हलला होता.

आप्पांनी रुमालाकडं बघितलं, मग तिच्या गुडघ्याकडं. त्यांनी नकार दिला असता तर तिनं सही केली असती का? मला वाटतं, केली असती. पण हात काढून घेतला नसता. बनुबाई ओट्यावर पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मग रुमालाखाली मोठा हात मिटला आणि एकदा हलला.

"घ्या," आप्पा केदारला म्हणाले. "एक वर्षाचा काढा."

कागद ठेवायला जागा हवी होती. जवळ माझी स्कूटर उभी होती. स्नेहलनं आधी तिची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली, मग सीटवर करार पसरून पानापानावर सही केली. मी तिच्या लंगडणाऱ्या पायाकडं बघत होतो. न राहवून विचारलंच, "स्नेहल, वर्षाच्या मध्ये तो गुडघा गेला, तर गं?"

तिनं पेनाचं टोपण लावलं.

"तुमच्या स्कूटरनं न्हाई गेला, काका, तर बॉलनं काय जातोय!"