विहिरीपासून एकवीस हात

भागीरथामावशी,

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच. तरी तुलाच लिहिते. बाकीच्यांना सांगायला गेलं की ते मध्येच माझी समजूत काढायला लागतात. मला समजूत नको आहे.

अडतीस सालचा उन्हाळा. नागपूरच्या कॉलेजातून मी सुटीला गावी आले होते. तू आमच्याकडे धान कांडायला यायचीस. गावच्या कमेटीने बाजारासाठी रुंद रस्ता आखला होता आणि मोठ्या विहिरीजवळची तुमची अकरा घरं त्यात जाणार होती. नोटीस मीच वाचून दाखवली. घरमालकाने तीस दिवसांत अर्ज द्यावा, सुनावणीला स्वतः हजर राहावं, म्हणजे घराच्या बदल्यात गावातच जागा मिळेल. मालक मयत असेल तर विधवेने तसं लिहून द्यावं, हक्क तिचा. हे शेवटचं वाक्य कागदाच्या पाठीमागे होतं. मी कागद उलटला होता का? नसावा.

तुझा अर्ज मीच लिहिला. नुसता अर्ज नाही, नकाशासुद्धा काढला. विहिरीपासून वेळूच्या काठीने घर मोजलं. तू मागून ओरडत होतीस, "कोपऱ्यात पाय नोको ठेवू, पोरी!" कोपऱ्यात छुईच्या पांढऱ्या मातीने सारवलेली जागा होती, वर पालथी टोपली. मी म्हटलं, ठेवत नाही बाई, आणि तो कोपराही मोजला.

"घरात कोण कोण?"

"मी आन घरधनी."

"नाव काय त्यांचं?"

तू पदर तोंडाला लावलास. कुडापलीकडून शेजारची दुर्पता ओरडली, "पतिराम लिव्ह वं! थे काई नाव घेत नाई, मेली तरी!"

"कुठे आहेत ते?"

"हाये ना, घरीच. आता कुठी जाते थो?"

आजारी असेल, आत निजला असेल, असं मी समजले. खरं तर काहीच समजले नाही, मला घाई होती. मालकाच्या रकान्यात ‘पतिराम, हयात’ लिहिलं, तुझा अंगठा घेतला आणि मोकळी झाले.

पतिराम दीड वर्षापूर्वी लाकूड तोडताना झाडाखाली सापडून गेला होता. तेव्हा मी नागपुरात होते. तुमच्यात मेल्या माणसाचा जीव नाल्यावरून परत आणतात. भावकीतल्या कुणी नाव घेऊन हाक मारायची, जे पहिलं जित्राब हाताला लागेल ते मडक्यात घ्यायचं, घरी आणून कोपऱ्यात बसवायचं. तुझ्या हाताला बोटाएवढी मासळी लागली होती. तेव्हापासून तो घरीच होता. तू खोटं बोलली नव्हतीस. तू कधीच खोटं बोलली नाहीस, हीच पंचाईत.

सुनावणी आषाढात झाली. मी परत कॉलेजात. दुर्पताने नंतर सांगितलं. कमेटीच्या केवळरामबाबूंनी ओसरीवरून तीनदा पुकारलं, "पतिराम! हाजिर है?"

तू पुढे झालीस. "थो घरी हाये."

"तो बुलाव उसको."

"थो घर सोडून येत नाई, बाबू."

ओसरी हसली. "नहीं आता? तो रहने दो घर में." आणि बाबूंनी लिहिलं, मालक गैरहजर, दावा रद्द. बाकीच्या दहा घरांना जागा मिळाली. तुझी भिंत दसऱ्याआधी पाडली.

दिवाळीत मी आले तर विहीर तेवढी ओळखू आली. तू दुर्पताच्या नव्या घरी गाईच्या कोठ्यात राहत होतीस. सगळं कळल्यावर मी कमेटीत जाऊन भांडले. बाबूंनी माझ्याच अक्षरातला ‘हयात’ माझ्यापुढे ठेवला. "लिखा किसने है, बाईजी?" आणि मुदत तर केव्हाच संपली होती.

तिथून मी तुझ्याकडे आले. तू कोठ्यातून एक कोरं मडकं घेऊन आलीस.

"तू मोजलं होतंस ना? कोपरा कुठी हाये, सांग. सारी सडक एकसारखीच दिसून राहिली. मूठभर माती घेतो, थ्याले इकडं आणतो. कायले ठेवू थ्याले बैलगाड्यांखाली?"

नकाशाची नक्कल वसतिगृहातल्या पेटीत होती. मी म्हटलं, "नाताळात आणते. आपण दोघी मोजू."

"ये मग. मी विहिरीवर बसून राहतो."

नाताळात मैत्रिणींनी जबलपूरला धबधबा पाहायला जायचं ठरवलं. मी गेले. परीक्षा नव्हती, आजारपण नव्हतं, काही नव्हतं. मला जायचं होतं म्हणून गेले.

फाल्गुनात आईचं पत्र आलं, त्यात तू गेल्याचं एका ओळीत होतं. रोज सकाळी मडकं घेऊन विहिरीच्या काठावर बसायचीस, हे दुसऱ्या ओळीत. तुझ्यासाठी नाल्यावर जाऊन कुणी हाक मारली का, ते आईने लिहिलं नव्हतं. कुठल्या कोपऱ्यात बसवणार होते तुला, कोठ्याच्या?

कुठल्याही सरकारी कागदावर ‘घरात कोण कोण’ आलं की माझा हात थांबतो. मागून कुणी म्हणतं, हाये ना, घरीच. मागे वळून पाहत नाही, पण ऐकू येतं.

नकाशा माझ्यापाशी आहे. विहिरीच्या काठापासून उगवतीकडे एकवीस हात, तिथून विहिरीकडे पाठ करून उभं राहायचं आणि उजव्या हाताला नऊ. मूठभर माती, ती अजून उचलली नाही. त्या सडकेवरून मी किती वेळा गेले असेन, मावशी. विहिरीपाशी आले की पावलं उचलून चालते.