जू उतरवायला मंद्रूपला

डॉक्टरांनी माझी नाडी सोडली आणि म्हणाले, "बाई, आठ दिवस शाळेचे तोंड पाहू नका. नाहीतर शाळाच सोडावी लागेल." वर्षभर छातीत धडधड, झोप नाही, अन्नावर वासना नाही. मुलींची शाळा चालवता चालवता माझे केस पिकले. ती सोडून मी करणार काय? राजीनामा लिहून पिशवीत टाकला आणि ठरवले: आठ दिवसांत सुधारायचे, नाहीतर तो द्यायचा.

सोलापुराहून मंद्रूपला सर्व्हिस मोटार जाते. मला पेट्रोलच्या वासाने मळमळते, म्हणून बोर्डिंगातल्या एका मुलीचे वडील, सिद्रामप्पा, यांच्या बैलगाडीतून निघाले. पौषातले कोवळे ऊन, दोन्ही अंगांना हुरड्यावर आलेली ज्वारी. मी मात्र घडोघडी घड्याळ पाहत होते.

सीनेच्या काठी लिंबाखाली त्यांनी बैल सोडले.

"अप्पा, अजून दमलेत कुठे? बारापर्यंत पोचू की."

"दमल्यावर न्हाय सोडायचं बाई, दमायच्या आदी सोडायचं. पार दमलेला बैल वैरणीला तोंड लावत न्हाय." मग हसून म्हणाले, "ते घड्याळ हिकडं द्या. ढवळ्याच्या गळ्यात बांदतो, कळू दे त्याला उशीर झालेला."

मला माझे ताट आठवले. शाळेतून आल्यावर झाकलेले, तसेच परत जाणारे.

आणि आठवले पुण्याचे कॉन्व्हेंट. बाराची प्रार्थनेची घंटा झाली की शिवणाच्या सिस्टर अर्धा टाका तसाच ठेवून हात जोडायच्या. टाका तरी पुरा करावा, असे आम्हा मुलींना वाटे. त्या घंटेकडून मी वेळेवर हजर राहणे शिकले. हातातले खाली ठेवणे शिकायचे राहून गेले.

मंद्रूपला जायचे तर पौषातच जावे. हुरडा, कडक भाकरी, शेंगांची चटणी. पहाटेच्या गारठ्यासाठी घोंगडी न्यावी. पहिले दोन दिवस मी अप्पांच्या ओट्यावर बसून नुसती टाचा हलवीत होते. त्यांच्या पत्नी नीलव्वा म्हणाल्या, "बाई, पाय कुटं चाललेत? तुमी तर हितंच हाय की."

तिसऱ्या दिवसापासून नेम धरला. शेतात औत सुटून बैल मोकळे झाले की मीही आडवी व्हायची, दमलेली असो वा नसो. सोपे नव्हते, पडल्या पडल्या शाळेची कपाटे मोजली जात. पाचव्या दिवशी मी दुसरी भाकरी मागितली.

"लागला बैल वैरणीला," ओसरीवरून अप्पा म्हणाले.

"बाईला बैल म्हणता व्हय?" नीलव्वांनी झापले आणि माझ्या ताटात तिसरी टाकली.

घरी आल्यावर राजीनामा चुलीत घातला. धडधड पुरती गेलेली नाही. कमी आहे, आणि मी चिवट आहे. मधल्या सुट्टीत खोलीचे दार लावून पाठ टेकते. टेबलावर वह्या अर्ध्या तपासलेल्या राहतात, राहोत.

काल दारावर थाप पडली. "बाई, सही हवी होती."

"घंटेनंतर या. औत सोडलंय."

बाहेर पोरी खिदळल्या. सिद्रामप्पांच्या लेकीचा आवाज तेवढा शांत होता: "चला की गं. घंटेबिगर जुंपायच्या न्हाईत त्या."