खाली बसणारा गुडघा
ओझरच्या कारखान्यात मी टूलरूममध्ये फिटर होतो. निवृत्त होऊन वर्ष झालं असेल, तेव्हा नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातून बोलावणं आलं. संशोधन करणाऱ्या एका मुलीला कृत्रिम गुडघा चालवून बघणारं यंत्र हवं होतं, आणि तितकं बारीक काम करणारं तिथे कोणी नव्हतं.

पहिल्याच दिवशी तिने तो गुडघा माझ्या हातात दिला. वर धातू, खाली धातू, मध्ये पांढऱ्या प्लास्टिकची चकती. त्या चकतीखाली ती पॉलिमरचा पातळ काळा पापुद्रा बसवायची. त्यात कार्बनची भुकटी असते. दाब पडला की त्यातून वीज जास्त वाहते, आणि कुठे किती भार येतोय ते कळतं.

"हे माणसाच्या आत बसवता आलं ना काका, तर गुडघा खराब व्हायच्या आधीच डॉक्टरांना कळेल," ती म्हणाली.

मला आधी त्या पापुद्र्याचा वैतागच आला. वजन तेच ठेवलं तरी त्याचा आकडा सरकत राहायचा. धातूची सवय असलेल्या माणसाला हे झेपत नाही. किती सरकतो ते मोजून तेवढं वजा करायचं, असं तिने ठरवलं. त्यातच दोन महिने गेले. पण शेवटी माझ्या यंत्रावर गुडघा चालायला लागला. शरीरात असतं तसल्या कोमट खारट पाण्यात, दिवसभर.

एका दुपारी माझी बायको दवाखान्यातून परतताना तिथे आली. तिचा उजवा गुडघा आदल्या वर्षी बदलला होता. ती बराच वेळ यंत्राकडे बघत राहिली.

"हा नुसता चालतोच का?"

"जिनाही चढतो, काकू."

"खाली बसत नाय?"

"डॉक्टर खाली बसू नका म्हणतात ना."

"मलाही म्हणाले," बायको शांतपणे म्हणाली. "पण मी बसते."

मी हातातला पाना खाली ठेवला. "कधी?"

"माहेरी गेल्यावर. चांदवडला सगळ्या बायका कांदा निवडायला खाली बसतात. मी एकटीच पाव्हणीसारखी खुर्चीत बसू का?"

मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. एका घरात राहून मला पत्ता नव्हता. ती मुलगी मात्र वही घेऊन पुढे आली. "काकू, कशा बसता, कशा उठता, सगळं सांगा. करून दाखवू नका, नुसतं सांगा."

मग मी यंत्राला आणखी वाकायला शिकवलं. तीन आठवडे लागले. पहिल्याच खेपेला सगळा भार चकतीच्या मागच्या कडेवर गेला आणि तिथला पापुद्रा फाटला. मुलीने फाटलेला तुकडा पुडीत घालून जपून ठेवला.

बायकोला मी घरी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग कितीपर्यंत वाकलेलं चालेल, ते त्या मशीनला विचारा."

आम्ही तसंच केलं. नवा पापुद्रा बसवून वाकणं थोडं थोडं कमी करत गेलो. एका ठिकाणी भार कडेवरून सरकून मधे आला. बसल्यावर गुडघा तेवढाच वाकेल इतक्या उंचीचा मी सागवानी चौरंग केला आणि बाजूला हाताने टेकून उठायला दांडी लावली. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना तो नेऊन दाखवला. त्यांनी बायकोला त्यावर बसवून, उठवून पाहिलं आणि मान डोलावली.

ती मुलगी आता मागच्या कडेला जाड आणि जास्त लवचीक पापुद्रा घालून बघते आहे. माणसाच्या आत तो जायला अजून बराच काळ लागेल, असं ती म्हणते. बायकोच्या गुडघ्यात काय चाललंय ते दाखवणारं आज तरी काही नाही.

चौरंग चांदवडला गेला, तो पहिल्याच दिवशी तिच्या वहिनीने पळवला. तिचेही गुडघे दुखतात. मी दुसरा करायला घेतला आहे.