खुंटीवरची काठी

पोळ्याच्या दिवशी वाशीमला माझ्या घरी पुरण शिजत होतं, आणि शिरपूरजवळच्या आमच्या गावाहून पुतण्या विकासचा फोन आला. "आत्या, बाबाच्या डोक्यात उभारी घातली." बैलगाडीच्या कडेला रोवतात ते जाड दांडकं म्हणजे उभारी. मी विचारलं, "दादा जित्ता हाय ना?" "गाडीत घातलं, वाशीमले आनतो." दवाखान्याकडे निघालेली गाडी माझ्या दारावरूनच जायची होती. ती अर्ध्या रस्त्यातून परत फिरली.

दिनकरदादा, माझा थोरला भाऊ, फौजेत हवालदार होता. सीमेवर त्याच्या डोळ्यांदेखत जोडीदाराचे दोन्ही पाय तोफगोळ्याने नेले. दादाचे हात कोपरापर्यंत रक्ताने भरले, आणि तो माणूस शेवटपर्यंत पाणी मागत राहिला. सीमेच्या नाल्यापलीकडून मारा चालूच होता. जवान म्हणाले, आम्हाला पलीकडे जाऊ द्या, एकेकाचं नरडं फोडतो. साहेबाने वर विचारलं, वरच्याने त्याच्याही वर. उत्तर आलं, इथूनच गोळीला गोळी द्या, नाला ओलांडायचा नाही. दादाने दगडावर मूठ आपटून बोटं मोडून घेतली. ती पुढे कधी सरळ झाली नाहीत.

तो नकार कुठून येतो, हे त्याला नोकरीच्या शेवटी कळलं. तेव्हा त्याची ड्युटी दिल्लीत, संरक्षण मंत्रालयात होती. सुट्टीवर आला की ओसरीवर बसून सांगायचा, "एक खातं फौजेचं, एक हत्यारं बनवाचं, एक नवे शोध लावाचं, एक रिटायर फौजी लोकायचं. फौजेचे मोठमोठे साहेब तिथं सलाम ठोकतात, अन् कोनाले? मतं मागून आलेल्या मंत्र्याले. ज्याच्या हातात बंदूक, त्याच्या हातात हुकूम नाही."

मी म्हटलं, "मंग तुह्या दोस्ताचे पाय?"

त्याने वाकडी बोटं चोळली. "आमी नाला ओलांडला असता, त दोन्हीकडची गावं खपली असती, बाई."

दिल्लीचा हाच कारभार त्याने निवृत्त होऊन आल्यावर गावच्या पोळ्याला लावला. तोरण तोडून बैल सोडले की पोळा फुटला म्हणायचं; त्या तोरणाखालून पहिली जोडी कोणाची, यावरून आमच्याकडे दरसाल डोकी फुटायची. एका पोळ्याला तर एकाचा डोळा गेला. तेव्हा दादाने साऱ्या गावाकडून कबूल करून घेतलं की झडत्या, म्हणजे पोळ्याची सवाल-जवाबाची गाणी, म्हणून झाल्या की तोरण तोडायचा हुकूम अशाने द्यायचा, ज्याची बैलजोडी नाही आणि ज्याच्या हातात काठी नाही. असा माणूस तोच निघाला. म्हणून पोळ्याला निघताना तो आपली तेल पाजलेली काठी खुंटीला टांगून जायचा. गाव थट्टेने त्याला मंत्री म्हणायचं, पण ऐकायचं.

यंदा झडत्या चालू असतानाच वरच्या आळीतल्यांनी बैल दामटले. उभाऱ्या निघाल्या. बिथरलेल्या बैलांनी एका म्हाताऱ्याला तुडवलं. दादा रिकामे हात वर करून मधे शिरला. पहिल्या घावात कान फाटला, तरी "मांगं व्हा, मांगं व्हा" म्हणत उभा होता. दुसऱ्या घावात कवटी फुटली. बैलांच्या शिंगांच्या बेगडावर त्याचं रक्त उडालं होतं.

सरणाची राख अजून गरम होती, तेव्हा विकासने खुंटीवरच्या काठीला हात घातला. मारणारा कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी विकासला अडवलं नाही. खरं सांगते, त्या माणसाचं डोकं फुटलेलं मला पाहायचं होतं, अजूनही आहे. वहिनी मात्र दारात आडवी बसली.

"कोनाचा हुकूम हाय तुले?"

"माह्या बापाचा."

"तुहा बाप रिकाम्या हातानं मेला. त्याचा हुकूम असा नसते."

विकासने काठी परत टांगली.

मारणारा आता तुरुंगात आहे, खटला वाशीमच्या कोर्टात चालेल. परवा गावी गेले, तर काठी तिथेच. मी म्हटलं, "वहिनी, फेक ते लाकूड. पाह्यलं का माहे हात शिवशिवतात."

वहिनी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "राहू द्या, बाई. पोळा फुटला का ते सोताच उतरवत. यंदा पोळा फुटलाच नाही."