त्या काळी तुमच्यासारखे नव्हते

अजून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

आज इथे अमेरिकेत, एका पुन्हा बांधलेल्या जुन्या किल्ल्यावर इतिहासाचा कार्यक्रम होता. रेवाला, माझ्या मुलीला, सैनिकाची बायको व्हायचं होतं. झगा मी स्वतः शिवला. तिथल्या बाई गोड हसून म्हणाल्या, "त्या काळी इथे तुमच्यासारखे लोक नव्हते." आणि तिला पार्किंगमध्ये गाड्यांना जागा दाखवायला उभं केलं. लोहार झालेला माणूस मात्र स्मार्टवॉच घालून घाव घालत होता!

गाडीत मी त्या बाईंवर तोंड सोडलं. रेवा म्हणाली, "आई, यू डिड द सेम टू लीना."

लीना तिची मैत्रीण; आई मराठी, बाबा गोरे अमेरिकन. आमच्या मराठी मंडळाच्या शिवजयंतीच्या नाटकात तिला मावळा व्हायचं होतं. नाटक मीच बसवलेलं. "तुला इंग्रजच शोभेल गं," मी तिला म्हणाले होते.

मीही गोडच हसले होते. लीनाच्या आईला आता काय सांगू?